शिबे, कोड आणि कुष्ठ : त्वचेवरील पांढऱ्या डागांच्या नावांचा इतिहास

(१)

त्वचेचा स्वाभाविक रंग उणावून जे डाग पडतात त्यांना मराठीत प्रामुख्याने तीन नावे आहेत : शिबे, कोड व कुष्ठ. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने हे तीन स्वतंत्र विकार होत. शिबे हा त्वचेच्या अगदी वरच्या थरात वाढणाऱ्या यीस्ट जातीच्या बुरशीचा उपद्रव आहे. कोड म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचाच नाश. आणि कुष्ठ हा त्वचा व मज्जातंतू यांना ग्रासणारा जंतुजन्य रोग. पहिला सौम्य व साध्य आहे. दुसरा दीर्घकाळ टिकणारा असला तरी निरुपद्रवी असून तो एकापासून दुसऱ्यास होत नाही. तिसरा वेळीच ओळखला नाही तर अवयवांची हानी करतो, परंतु आज तोही औषधाने पूर्ण बरा होतो. तिघांत समान गोष्ट एवढीच की, त्यांचा आरंभ पुष्कळदा त्वचेवरील एका फिकट डागाने होतो.

या एका समान लक्षणामुळे तीन विकारांच्या नावांची जी गुंतागुंत झाली तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. पुण्यातील कर्वेनगरसारख्या भागात शिक्षणासाठी येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींचे वय आणि शिबे अधिक आढळण्याचे वय एकच आहे. पाठीवर, मानेवर किंवा छातीवर पडलेला फिकट डाग पाहताच घरात पहिली शंका निघते ती ‘हे कोड तर नव्हे ना?’ अशी, आणि त्या शंकेमागे पुष्कळदा न उच्चारलेली दुसरी शंका कुष्ठाची असते. काही आठवड्यांच्या उपचाराने नाहीसा होणारा विकार अशा रीतीने विवाहाच्या प्रश्नाशी जाऊन भिडतो. ही भीती रोगाने निर्माण केलेली नाही. ती नावांच्या इतिहासातून आलेली आहे.

या इतिहासाचे निरीक्षण केल्यास असे दिसून येते की, या विकारांतील भेद राखला तो प्रत्यक्ष रोगी पाहणाऱ्या वैद्यांनी आणि घरगुती बोलीने. तो पुसट केला तो बहुधा कोशांनी, भाषांतरांनी व संस्कृतप्रचुर परिभाषेने. विद्वानांची भाषा अधिक काटेकोर आणि लोकांची भाषा सैल, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे तिला हे उदाहरण छेद देणारे आहे.

(२)

रंगहीन डागांचा सर्वांत प्राचीन भारतीय उल्लेख अथर्ववेदात मिळतो. पहिल्या कांडातील तेविसाव्या व चोविसाव्या सूक्तांत ‘किलास’ नावाच्या डागांवर वनस्पतींना आवाहन केलेले आहे. रात्री उपजलेल्या, वर्णाने काळ्या अशा वनस्पतीने आपला रंग त्या डागाला द्यावा, अशी त्यातील कल्पना आहे. याच ठिकाणी किलासाबरोबर ‘पलित’ म्हणजे केसांचे पांढरे होणे याचाही उल्लेख येतो. त्वचेचा डाग आणि केसांचे पिकणे या दोन्ही रंगनाशाच्याच घटना होत, हे सूक्तकर्त्याच्या ध्यानात आले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

शिब्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ‘सिध्म’ हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. तो किती रूढ होता याचा पुरावा व्याकरणात सापडतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात मत्वर्थीय ‘ल’ प्रत्यय ज्या शब्दांना लागतो त्यांचा एक गण सांगितला असून त्या गणाला ‘सिध्मादि’ असेच नाव आहे. ज्याला सिध्म झाले आहे तो ‘सिध्मल’. गणाचा निर्देश ज्या शब्दाने करावयाचा तो सहज ओळखीचा असणे स्वाभाविक होय. यावरून सिध्म हा शब्द केवळ वैद्यांच्या परिभाषेपुरता मर्यादित नव्हता, हे उघड आहे.

आयुर्वेदाच्या संहितांनी कुष्ठाचे अठरा प्रकार मानले : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. येथे ‘कुष्ठ’ हा शब्द आजच्या कुष्ठरोगाचा वाचक नसून त्वचाविकारांच्या एका विस्तीर्ण वर्गाचा वाचक आहे. त्यात आज गजकर्ण, खरूज, इसब या नावांनी ओळखले जाणारे विकारही समाविष्ट होतात. सिध्माची गणना चरकसंहितेत महाकुष्ठांत, तर सुश्रुतसंहितेत क्षुद्रकुष्ठांत केलेली आहे. दद्रूचे नेमके याच्या उलट. वर्गीकरणात मतभेद असला तरी वर्णनात विलक्षण एकवाक्यता आहे. चरकाच्या मते सिध्म पांढरट किंवा तांबूस असते, पातळ असते, दुध्या भोपळ्याच्या फुलासारखे दिसते, घासले असता त्यातून धूळ सुटते आणि ते बहुधा छातीवर आढळते. सुश्रुतानेही ते पांढरे, कंडयुक्त, पातळ व प्रायः शरीराच्या वरच्या भागात होणारे असे सांगितले आहे.

ही लक्षणे आजच्या त्वचारोगशास्त्राच्या वर्णनाशी ताडून पाहण्यासारखी आहेत. शिबे पाठ, छाती, मान व दंडाचा वरचा भाग येथे अधिक आढळते. त्याचा रंग एकच नसतो. कोणाच्या त्वचेवर ते पांढरट, कोणाच्या त्वचेवर तपकिरी किंवा तांबूस दिसते. या विकाराच्या युरोपीय नावातील ‘व्हर्सिकलर’ हे पद याच बदलत्या रंगाचे द्योतक आहे. डागावर नखाने हलकेच खरवडले असता कोंड्यासारखे बारीक पापुद्रे सुटतात, आणि ही खूण आजही निदानासाठी उपयोगात आणली जाते. रंगाचे वैविध्य, पातळपणा, घासल्यावर सुटणारी धूळ आणि शरीरावरील स्थान या चार खुणा एकत्र घेतल्या तर सिध्म या नावाखाली मुख्यतः आजचे शिबेच वर्णिले गेले आहे, हे मान्य करावे लागते.

कोडाचा विचार संहितांनी ‘श्वित्र’ व ‘किलास’ या नावांनी आणि अठरा कुष्ठांहून वेगळा केला, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. किलास हे त्वचेपुरतेच मर्यादित असते व त्यातून स्राव होत नाही, हा त्याचा कुष्ठाहून असलेला भेद सुश्रुताने स्पष्टपणे नोंदला आहे. उलटपक्षी कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शज्ञान नष्ट होणे हे लक्षण चरकाने दिले आहे. डागाची जागा बधिर आहे की नाही, हा आजही कुष्ठरोगाच्या निदानातील पहिला प्रश्न होय. तात्पर्य, पापुद्रे सुटणारा डाग, स्राव नसलेला शुभ्र डाग आणि बधिर डाग हे तीन भेद प्राचीन वैद्यांना अवगत होते.

वैद्यकाची ही बाजू सांगताना दुसरी बाजू लपवता येणार नाही. श्वित्राच्या कारणांत चरकसंहितेने असत्य भाषण, कृतघ्नता, देवांची निंदा व पूर्वजन्मीचे कर्म यांचाही समावेश केला आहे. रोगाचे रूप अचूक पाहणाऱ्या ग्रंथानेच त्याच्या कारणात नैतिक दोष घातला. त्यामुळे ज्याच्या अंगावर डाग आहे त्याच्या चारित्र्याविषयी शंका घेण्यास एक शास्त्राधार निर्माण झाला. धर्मशास्त्राने त्याला विवाहाची जोड दिली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहसंबंधासाठी वर्ज्य कुळांची जी यादी आहे तीत श्वित्री व कुष्ठी ही दोन्ही कुळे येतात. स्मृतिकाराने ही दोन नावे वेगवेगळी दिली, म्हणजे भेद त्याला ठाऊक होता. पण दोहोंना फळ मात्र एकच दिले.

नावांतील भेद अस्पष्ट होण्याची क्रिया कोशवाङ्मयात स्पष्ट दिसते. अमरकोशात किलास व सिध्म ही नावे एका जोडीत, आणि कुष्ठ व श्वित्र ही नावे दुसऱ्या जोडीत आली आहेत. कोशाचा हेतू पाठांतरास सोयीचे पर्याय देण्याचा. रोगाचे निदान हा त्याचा विषय नव्हे. परंतु शतकानुशतके विद्यार्थ्यांनी मुखोद्गत केला तो अमरकोश, चरकाचे चिकित्सास्थान नव्हे. वैद्याने ज्यांना अलग ठेवले त्यांना कोशाने शेजारी बसविले, आणि सुशिक्षितांच्या मनात शेजार हाच नातेसंबंध ठरला.

(३)

मराठीकडे वळल्यावर एक लक्षणीय घटना दिसते. संस्कृत ‘कुष्ठ’ शब्दापासून प्राकृतात ‘कुट्ठ’, ‘कोढ’ अशी रूपे झाली आणि त्यांतून हिंदीत ‘कोढ़’ व मराठीत ‘कोड’ हे शब्द आले. अंत्य महाप्राणाचा लोप झाला एवढाच मराठी रूपाचा विशेष. अर्थाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा भिन्न मार्गांनी गेल्या. हिंदीतील ‘कोढ़’ हा प्रामुख्याने कुष्ठरोगाचा वाचक राहिला, आणि शुभ्र डाग सांगण्यासाठी त्याच्या मागे ‘सफेद’ हे विशेषण लावावे लागले. मराठीतील ‘कोड’ या शब्दाचा अर्थ संकुचित होऊन तो केवळ शुभ्र डागांपुरता उरला. नागपूर किंवा अमरावतीकडील ज्या घरांत दोन्ही भाषा वावरतात तेथे हा भेद ध्यानी न आल्यास किती अनर्थ होऊ शकेल, हे सांगावयास नको. ‘कोडकौतुक’ या जोडशब्दातील ‘कोड’ हा सर्वस्वी निराळा शब्द असून त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

कोड हे शुभ्र डागांचे नाव ठरल्यावर मराठीला खऱ्या कुष्ठरोगासाठी अन्य शब्दांची गरज पडली. ती तिने दोन शब्दांनी भागविली, आणि दोन्ही शब्द अर्थांतराचे नमुने आहेत. पहिला ‘महारोग’. आयुर्वेदात दुःसाध्य अशा आठ व्याधींचा ‘अष्टमहागद’ म्हणून निर्देश होतो व त्यात कुष्ठाबरोबर प्रमेह, अर्श, अश्मरी इत्यादींचा समावेश असतो. मराठीत ‘महारोग’ हा शब्द मात्र एकट्या कुष्ठाच्या वाट्यास आला. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे ‘महारोगी सेवा समिती’ हे नाव याच अर्थाचे साक्षी आहे. दुसरा शब्द ‘रक्तपिती’. संस्कृतातील ‘रक्तपित्त’ हा रक्तस्रावाचा विकार. मराठी बोलीत त्याचे रूप कुष्ठाकडे वळले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘महारोग’ व ‘रक्तपिती’ हे शब्द अवमानकारक वाटू लागले आणि त्यांच्या जागी ‘कुष्ठरोग’ हा तत्सम शब्द शासकीय व वैद्यकीय व्यवहारात स्थिर झाला. परिणामी आजच्या मराठीत एकाच संस्कृत शब्दाची दोन अपत्ये नांदत आहेत : तत्सम ‘कुष्ठ’ म्हणजे जंतुजन्य कुष्ठरोग आणि तद्भव ‘कोड’ म्हणजे शुभ्र डाग. एका मुळापासून निघालेल्या दोन शब्दांनी दोन भिन्न अर्थ वाटून घेणे ही भाषेच्या इतिहासात नेहमी आढळणारी घटना असून त्यात दोष काहीच नाही. उलट व्यवहाराच्या दृष्टीने ती सोयीची आहे. दोष निर्माण झाला तो ‘कोड’ हा शब्द ग्राम्य मानून त्याच्या जागी ‘श्वेतकुष्ठ’ हा भारदस्त शब्द योजण्याने. ज्या अर्थापासून बोलीने कोडाला मोठ्या प्रयासाने सोडविले होते त्याच अर्थाच्या दारात या शास्त्रीय दिसणाऱ्या शब्दाने त्याला पुन्हा नेऊन उभे केले. लोकशब्द येथे बिनचूक होता. परिभाषा चुकीची होती.

‘शिबे’ या शब्दाने मात्र ही परिक्रमा केली नाही. तो घरगुती राहिला. घामाच्या दिवसांत अंगावर उठणारा, फारशी पीडा न देणारा विकार म्हणूनच त्याच्याकडे पाहिले गेले. शेजारच्या कन्नडमध्ये अशाच डागांना ‘चिब्बु’ म्हणतात. शिबे, चिब्बु आणि सिध्म यांतील ध्वनिसाम्य कोणाच्याही ध्यानी येईल. पण अशा साम्यावरून, किंवा निर्विवाद व्युत्पत्तीवरूनसुद्धा, रोगाची ओळख ठरविणे युक्त नव्हे, हा धडा ‘कोड’ या शब्दानेच दिलेला आहे. कोडाची व्युत्पत्ती कुष्ठापासून आहे, म्हणून कोड हे कुष्ठ ठरत नाही. सिध्म म्हणजे शिबे असे वर म्हटले ते लक्षणांच्या आधारावर. उच्चाराच्या आधारावर नव्हे. अर्थ वापराने ठरतो आणि रोग लक्षणांनी. व्युत्पत्ती केवळ शब्दाचा प्रवास सांगते.

(४)

हा गोंधळ केवळ भारतीय नाही. हिब्रू बायबलमधील लेवीय नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात त्वचेवरील डाग पाहून याजकाने मनुष्य शुद्ध की अशुद्ध हे ठरविण्याचे सविस्तर नियम आहेत. अशुद्ध ठरविणाऱ्या विकाराचे हिब्रू नाव ‘त्साराअत’. परंतु त्याच अध्यायात स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या त्वचेवर फिकट पांढरे ठिपके असल्यास ते ‘बोहक’ होत व तो मनुष्य शुद्ध होय, असाही निर्णय दिलेला आहे. या ‘बोहक’चा सगोत्र शब्द अरबीत ‘बहक’ असा आहे. अरबी वैद्यकात ‘बहक’ म्हणजे त्वचेवरचा उथळ डाग, ‘बरस’ म्हणजे खोलवर गेलेला व केसही पांढरे करणारा डाग, आणि ‘जुझाम’ म्हणजे अवयव झडविणारा रोग, असे तीन निरनिराळे शब्द होते. ही त्रयी मराठीतील शिबे, कोड, महारोग या त्रयीशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘व्हिटिलिगो’ या एका नावाखाली तीन प्रकार सांगितले. त्यांतील एक शिंतोडे उडाल्यासारखा विखुरलेला, खरखरीत, येणारा-जाणारा. दुसरा तसाच पण काळसर. आणि तिसरा अधिक शुभ्र, खोल, त्यावरील केस पांढरे करणारा व सहजी न सोडणारा. आज ‘व्हिटिलिगो’ हे नाव जवळजवळ या तिसऱ्या प्रकारालाच उरले आहे. म्हणजे कोडाप्रमाणे या शब्दाचाही अर्थसंकोच झाला.

भेद पुसला तो येथेही भाषांतराने. हिब्रू ‘त्साराअत’चे ग्रीक भाषांतर ‘लेप्रा’ असे झाले. ग्रीक वैद्यकात या शब्दाचा अर्थ खवले पडणारी खरखरीत त्वचा एवढाच होता. कुष्ठरोगाला ग्रीक वैद्य ‘एलिफंटियासिस’ म्हणत. पुढे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होताना ‘जुझाम’साठीही ‘लेप्रा’ हाच शब्द योजला गेला. एका शब्दात धर्मग्रंथातील अशुद्धता आणि वैद्यकातील दारुण व्याधी या दोहोंचा संगम झाला, आणि त्या संगमातून ‘लेप्रसी’ या इंग्रजी शब्दाभोवतीची भीती जन्मास आली. इंग्रजी अंमलाबरोबर हा शब्द व त्याबरोबरची भीती भारतात आली. शुभ्र डागांना इंग्रजीत ‘व्हाइट लेप्रसी’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दास जणू नवी मान्यता मिळाली.

(५)

नावांच्या या गोंधळाची झळ प्रशासनालाही लागली. भारतात १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत अंध, मूकबधिर, वेडे व कुष्ठरोगी यांची गणना केली जात असे. गणना करणारे लोक डॉक्टर नव्हते. पाटील, तलाठी, शिक्षक अशा मंडळींकडे हे काम असे. शुभ्र डाग असलेले लोकही कुष्ठरोगी म्हणून नोंदले जातात, हे ध्यानी आल्यामुळे प्रगणकांना स्पष्ट सूचना द्याव्या लागल्या : ज्यांना केवळ ‘व्हाइट लेप्रसी’ आहे त्यांची नोंद करू नये. १९०१ व १९११ च्या गणनांत अशी सूचना होती. एक रोग दुसऱ्याच्या नावाने ओळखला गेल्यास आकडेसुद्धा विश्वसनीय राहत नाहीत, याची ही सरकारी कबुलीच होय. १८९८ च्या लेपर्स ॲक्टनेही ‘लेपर’ या शब्दाची व्याख्या करताना व्रण पडण्यास आरंभ झाल्याची अट घातली होती. केवळ डागावरून कोणास त्या कायद्याच्या कक्षेत ओढता येत नव्हते. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

याच काळात मुंबईत कुष्ठरोगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा कुष्ठरोगावर प्रयोग केला. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी पश्चिम भारतातील कुष्ठरोग्यांची पाहणी केली व नॉर्वेत जाऊन तेथील कार्य पाहिले. नॉर्वेतील बर्गेन येथे आर्मावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला. कुष्ठरोग हा पापाचा किंवा कुळाचा दोष नसून जंतूचा परिणाम आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

शिब्याचे कारण त्याही आधी सापडले होते. १८४६ मध्ये जर्मन वैद्य कार्ल आइकश्टेट यांनी डागावरील पापुद्र्यांत बुरशी असल्याचे दाखवून दिले. १८५३ मध्ये शार्ल रोबँ यांनी तिला ‘मायक्रोस्पोरॉन फर्फर’ हे नाव दिले. ‘फर्फर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ कोंडा. १८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे यांनी त्वचेच्या पापुद्र्यांतील गोल पेशींचे वर्णन केले आणि त्यांच्या सन्मानार्थ १८८९ मध्ये बायों यांनी ‘मालासेझिया’ हे प्रजातिनाम योजले. १९०४ मध्ये साबूरो यांनी गोल पेशींच्या रूपासाठी ‘पिटिरोस्पोरम’ असे वेगळे नाव दिले. यामुळे दीर्घकाळ एकाच सजीवाची दोन नावे चालू राहिली : त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणाऱ्या गोल रूपाचे एक आणि विकार उत्पन्न करणाऱ्या तंतुरूपाचे दुसरे. दोन्ही रूपे एकाच बुरशीची आहेत हे प्रयोगांनी सिद्ध झाल्यावरच ‘मालासेझिया’ हे एक नाव मान्य झाले, आणि १९९६ मध्ये या प्रजातीची पुनर्रचना होऊन तीत सात जाती मानल्या गेल्या. पुढे त्यांत भर पडत गेली. कुष्ठाच्या बाबतीत अनेक वस्तूंना एक नाव होते. येथे एका वस्तूला दोन नावे होती. शास्त्राला दोन्ही प्रकारचे दोष जडतात. मात्र निरीक्षणाने ते दूर करण्याची सोयही त्याच्याजवळ असते.

या संशोधनातून शिब्याचे जे स्वरूप पुढे आले ते भीती घालविणारे आहे. मालासेझिया ही बुरशी बाहेरून येणारा शत्रू नव्हे. निरोगी माणसांच्या त्वचेवर ती सामान्यतः असतेच. तिला वाढीसाठी स्निग्ध द्रव्य लागते, म्हणून तैलग्रंथी अधिक असलेल्या छाती-पाठीवर आणि त्या ग्रंथी कार्यक्षम होणाऱ्या तारुण्याच्या वयात ती अधिक फोफावते. उष्णता, दमटपणा व घाम यांमुळे तिचे गोल रूप तंतुरूपात बदलते व डाग दिसू लागतात. अस्वच्छता किंवा रक्तदोष हे त्याचे कारण नव्हे. त्वचेतील स्निग्धाम्लांपासून ही बुरशी काही द्विकार्बोक्सिलिक आम्ले तयार करते. त्यांतील ॲझेलेइक आम्ल हे मेलॅनिन या रंगद्रव्याच्या निर्मितीस आवश्यक असलेल्या टायरोसिनेझ या विकराच्या कार्यात अडथळा आणते, हे १९७८ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखविले. रंगहीनतेच्या कारणांपैकी हे एक मानले जाते.

येथेच शिबे व कोड यांतील मूलभूत भेद आहे. शिब्यात रंग तयार करणाऱ्या पेशींचे काम मंदावते, पण पेशी जिवंत असतात. कोडात त्या पेशीच नाहीशा होतात. म्हणून शिब्याचा रंग परत येतो. तथापि तो लगेच येत नाही. सेलेनियम सल्फाइड किंवा कीटोकोनॅझोल यांसारख्या औषधांनी बुरशी थोड्याच काळात हटते, परंतु फिकट डाग पुढे काही महिने राहू शकतो. औषध निष्फळ ठरले असे समजून लोक घाबरतात ते याच मधल्या काळात. बुरशी पुन्हा वाढू शकते, त्यामुळे उन्हाळ्या-पावसाळ्यात डाग परत येणे हेही आश्चर्याचे नाही. मात्र ज्या डागावर स्पर्श कळत नाही तो शिबे किंवा कोड समजून अंगावर काढणे धोक्याचे असून त्याची तपासणी तत्काळ झाली पाहिजे. भीती अनाठायी आहे याचा अर्थ निदान अनावश्यक आहे असा नव्हे.

(६)

नावांच्या इतिहासाचा सामाजिक अर्थ पाहण्यास कर्वेनगर हे योग्य स्थळ आहे. हे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये या गावच्या माळावर आला, आणि त्यांच्या नावावरून पुढे परिसरास कर्वेनगर हे नाव पडले. विवाहाच्या बाजारातून बाद झालेल्या स्त्रीला शिक्षणाने स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा हिंगण्याच्या कार्याचा गाभा होता. त्या काळी बाद होण्याचे प्रमुख कारण वैधव्य होते. परंतु स्त्रीचे मोल तिच्या विवाहयोग्यतेवर मोजण्याची जी पद्धत वैधव्याला अपशकुन ठरवीत होती तीच पद्धत अंगावरील डागालाही कुळाचा कलंक ठरवीत आली आहे.

कायद्याने या बाबतीत हळूहळू पावले टाकली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तीव्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. कोडाचा उल्लेख त्यात नव्हता. श्वित्री व कुष्ठी यांना एकच फळ देणारी स्मृतीची दृष्टी कायद्याने येथे सोडून दिली होती. पुढे कुष्ठरोग औषधाने बरा होऊ लागल्यावर हे कलमही कालबाह्य ठरले व २०१९ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. घराघरांत मात्र स्मृतीची यादी कायद्यापेक्षा अधिक काळ टिकली.

कर्वेनगरमध्येच १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था कार्य करीत आली आहे. या संस्थेत काही वर्षे अध्यापन केलेल्या सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्यासमवेत दिग्दर्शित केलेला ‘नितळ’ हा मराठी चित्रपट २००६ सालचा. कोड असलेली तरुण, सुशिक्षित स्त्री आणि तिच्या विवाहाविषयी कुटुंबीयांच्या प्रतिक्रिया हा त्याचा विषय आहे. डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ‘श्वेता असोसिएशन’नेही याच प्रश्नावर काम केले आहे. या दोन नावांकडे भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘नितळ’ या शब्दाने डागविरहित त्वचेचा आग्रह उलटवून तो मनाच्या स्वच्छतेकडे वळविला. ‘श्वेता’ या शब्दाने ज्या रंगाची लाज वाटत होती त्यालाच नामाची प्रतिष्ठा दिली. अलीकडे ‘कोड’ हा शब्द टाळून ‘पांढरे डाग’ असे साधे वर्णनात्मक शब्द वापरण्याकडे जो कल दिसतो तोही याच प्रयत्नाचा भाग होय.

शब्द बदलल्याने प्रश्न सुटतो असे मात्र समजू नये. ‘महारोग’ जाऊन ‘कुष्ठरोग’ आला, पण काही काळाने त्याही शब्दाला जुनी भीती चिकटली. समाजाची दृष्टी तीच राहिली तर नवा शब्द जुन्याचे ओझे वाहू लागतो, हा अर्थविज्ञानाचा सर्वपरिचित अनुभव आहे. कोड हा शब्द कुष्ठापासून अर्थाने सुटला, तरी त्याच्यावरील कलंक सुटला नाही, हे त्याचेच उदाहरण.

तथापि शब्दांकडून एक मर्यादित काम निश्चितपणे घेता येते, ते म्हणजे भिन्न वस्तू भिन्न ठेवण्याचे. त्या दृष्टीने मराठीची घरगुती त्रयी पुरेशी समर्थ आहे. आरोग्यविषयक पुस्तिका, शालेय पाठ्यपुस्तके व कोश यांतून ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द काढून टाकावा. शिबे, कोड व कुष्ठरोग यांच्या नोंदी परस्परांचे पर्याय म्हणून न देता प्रत्येकीच्या लक्षणांसह स्वतंत्र द्याव्यात. आणि हिंदी ‘कोढ़’चे मराठी भाषांतर ‘कोड’ असे करू नये, एवढे नियम भाषांतरकारांनी व कोशकारांनी पाळले तरी पुष्कळ होईल. घासल्यावर धूळ सुटते की नाही, स्राव आहे की नाही, स्पर्श कळतो की नाही, हे प्रश्न प्राचीन वैद्यांनी विचारले होते. डाग पाहून कुळाचा प्रश्न विचारण्याआधी हे तीन प्रश्न विचारले गेले, तर कर्वेनगरमधील एखाद्या विद्यार्थिनीच्या मानेवरचे शिबे हे शिबेच राहील, आणि तिचे शिक्षण किंवा विवाह यांवर त्याची छाया पडण्याचे कारण उरणार नाही.